उंचीचा हिशेब

बारशाला जमलेल्या बायका बाळ पाहिलं की आधी वाटण्या करतात. नाक आजीचं, कपाळ मामाचं, बोटं थेट आजोबांची. मूल दहावी-बारावीला पोहोचलं की त्यात उंचीची भर पडते आणि ‘आईकडच्या माणसांवर गेलाय’ असा निकाल लागतो. हा निकाल निराधार नाही. पण उंची एका पिढीकडून दुसरीकडे कशी येते, किती येते आणि कुठे अडते, याचा छडा लावायला विज्ञानाला जवळपास दीडशे वर्षं लागली. माणसाच्या गुणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती, हा प्रश्न उंचीबाबत जितक्या कसोशीने तपासला गेला, तितका फार थोड्या गुणांबाबत तपासला गेला आहे. उंची मोजायला भिंत आणि टेप पुरतो आणि मोठेपणी ती वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे मधुमेहाचा धोका, बुद्धी, स्वभाव अशा अवघड गुणांकडे वळण्याआधी जनुकशास्त्राने आपली हत्यारं उंचीवर पारजून घेतली.

सुरुवात लंडनमध्ये झाली. १८८४ साली साउथ केन्सिंग्टन भागात आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्रान्सिस गाल्टन यांनी मोजमापांचं एक दालन थाटलं. तीन पेन्स भरून आत जायचं, उंची, वजन, हातांचा पसारा, मुठीची ताकद, फुंकरीचा जोर, नजर हे सगळं मोजून घ्यायचं आणि आपल्या आकड्यांचा कागद घेऊन बाहेर पडायचं. नऊ हजारांहून अधिक लोकांनी स्वतःला असं मोजून घेतलं. याच सुमारास गाल्टन यांनी कुटुंबांच्या नोंदीही गोळा केल्या. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं. बायकांची उंची पुरुषांच्या तोडीला आणण्यासाठी त्यांनी ती १.०८ ने गुणली आणि आई-वडिलांच्या सरासरीशेजारी मुलांची उंची मांडली.

१८८६ साली प्रसिद्ध झालेल्या या मांडणीत दोन गोष्टी दिसल्या. उंच आई-वडिलांची मुलं उंच होती, पण आई-वडिलांइतकी सरासरीपासून लांब नव्हती. आई-वडील सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील, तर मुलं साधारण दोन इंच उंच निघत. ठेंगण्या आई-वडिलांच्या मुलांबाबतही हेच, फक्त उलट दिशेने. टोकाची उंची पुढच्या पिढीत मधल्या उंचीकडे सरकत होती. आज शेअर बाजारापासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत सर्वत्र वापरलं जाणारं ‘रिग्रेशन’ हे गणिती साधन जन्माला आलं ते या उंचीच्या तक्त्यातून.

याच गाल्टन यांनी १८८३ साली ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला होता. ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांनी अधिक मुलं जन्माला घालावीत, असा तो विचार. त्याचे परिणाम भीषण झाले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला आणि नाझी जर्मनीने त्याला संहाराचं रूप दिलं. मोजपट्टी हातात आली की माणसांची प्रतवारी लावण्याचा मोह होतो, हे या इतिहासात पानोपानी दिसतं.

त्या मोहाला मोजपट्टीनेच उत्तर देणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत डॉक्टरेटसाठी काम करत होत्या. मानववंश, आनुवंशिकता आणि युजेनिक्स यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली ही संस्था पुढे नाझींच्या वंशवादाच्या सेवेला लागली. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी इतरांपेक्षा अधिक असमान असते आणि त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी निरनिराळ्या खंडांतल्या माणसांच्या कवट्या एकेक करून मोजल्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही, आणि परक्या देशात, आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाऊन त्यांनी तसं प्रबंधात लिहिलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मानववंशशास्त्राची परंपरा उभी केली.

इकडे आनुवंशिकतेच्या सिद्धान्तात एक पेच पडला होता. ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यावरचे प्रयोग १९०० साली नव्याने उजेडात आले. मेंडेल यांच्या वाफ्यातला वाटाणा एक तर उंच असे, नाही तर बुटका. मधलं काही नाही. (त्या बुटकेपणामागचं जनुक १९९७ साली सापडलं. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार करण्याच्या कामात ते बिघाड करतं.) माणसांचं तसं नाही. शाळेच्या मैदानात एका वर्गातली मुलं उंचीने रांगेत उभी केली तर ठेंगण्यापासून उंचापर्यंत चढण सलग दिसते, मध्ये कुठे पायरी नसते. मग मेंडेल यांचे नियम माणसाला लागू पडतात की नाही? इंग्लंडमधले शास्त्रज्ञ या प्रश्नावरून दोन तटांत विभागले गेले आणि वर्षानुवर्षं भांडले.

भांडण मिटवलं ते रॉनल्ड फिशर या २८ वर्षांच्या गणितज्ञाने. बर्लिनच्या फिशर यांच्याशी त्यांचा संबंध नाही. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं की एखाद्या गुणावर पुष्कळ जनुकांचा परिणाम होत असेल, प्रत्येक जनुक मेंडेल यांचा नियम पाळत असेल आणि प्रत्येकाचा वाटा अगदी लहान असेल, तर सगळ्यांची बेरीज अशीच सलग चढणीची दिसेल. त्यात आहार-आजारपणाचा परिणाम मिसळला की उरलेसुरले कोपरेही गुळगुळीत होतात. ही जनुकं कोणती, किती, कुठे, हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. डीएनएची रचना उलगडायलाच आणखी ३५ वर्षं जायची होती.

उंची घडते कुठे, हे पाहायचं तर हाडांच्या टोकांशी जावं लागतं. मांडीच्या, पायाच्या, हाताच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्यातल्या पेशी विभागतात, एकावर एक अशा चळती रचतात, फुगतात आणि मरतात. त्यांच्या जागी हाड तयार होतं आणि हाड थोडं लांबतं. वयात येताना हा थर हळूहळू मिटतो आणि वाढ थांबते. मुलग्यांमध्ये तो पुरुषी संप्रेरकामुळे मिटतो, असा समज होता. १९९४ साली एका २८ वर्षांच्या अमेरिकन तरुणाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढत होती. त्याची हाडं पंधरा वर्षांच्या मुलासारखी, वाढीचे थर अजून उघडे. त्याच्या शरीरात पुरुषी संप्रेरक पुरेसं होतं. बिघाड होता तो इस्ट्रोजेनची खूण ओळखणाऱ्या जनुकात. ज्याला लोक फक्त बायकांचं संप्रेरक समजत होते, तेच पुरुषांच्याही वाढीला पूर्णविराम देतं, हे त्यातून कळलं.

त्याच वर्षी आणखी एक जनुक सापडलं. ‘एकॉन्ड्रोप्लेजिया’ या अवस्थेत हात-पाय आखूड राहतात आणि प्रौढाची उंची साधारण चार-सव्वाचार फुटांवर थांबते. तिचं कारण ‘एफजीएफआर-३’ या जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षराचा बदल. हे जनुक कूर्चेच्या वाढीवर लगाम ठेवतं, आणि या बदलामुळे लगाम सतत खेचलेला राहतो. अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आई-वडील सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. घराण्याला किंवा आईला बोल लावणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही. जनुक कळल्यामुळे उपायाची वाटही सापडली आणि त्या लगामावर काम करणाऱ्या वोसोरिटाइड या औषधाला २०२१ साली युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण एका अक्षराने ठरणारी उंची हा अपवाद. बाकीच्यांच्या साडेपाच फुटांचं काय?

एकबीज जुळ्यांचे डीएनए जवळपास तंतोतंत सारखे असतात, द्विबीज जुळ्यांचे साध्या भावंडांइतके. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची तुलना करून श्रीमंत देशांतल्या संशोधकांनी एक आकडा काढला होता. तिथल्या माणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के जनुकांच्या फरकामुळे येतो. जनुकसंच वाचायचं तंत्र स्वस्त झाल्यावर शोध सुरू झाला. सर्वसामान्य माणसांच्या उंचीशी नक्की जोडता आलेला डीएनएतला पहिला भेद २००७ साली ‘एचएमजीए-२’ या जनुकाजवळ मिळाला. त्याचा परिणाम त्या भेदाच्या प्रत्येक प्रतीमागे सुमारे चार मिलिमीटर इतकाच. पुढच्या वर्षभरात असे चाळीस-पन्नास भेद सापडले, आणि सगळ्यांची बेरीज करूनही उंचीतला जेमतेम पाच टक्के फरक उलगडला. ऐंशी कुठे आणि पाच कुठे! ‘हरवलेली आनुवंशिकता’ म्हणून हा प्रश्न गाजला.

उत्तर रॉनल्ड फिशर यांच्या निबंधात होतं: वाटे फार आहेत आणि फार लहान आहेत, तेव्हा ते दिसायला माणसंही तितकीच जास्त हवीत. २०१४ मध्ये अडीच लाख लोकांच्या अभ्यासातून ६९७ भेद हाती आले. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचे जनुकसंच एकत्र पाहिले गेले आणि भेदांची संख्या १२,१११ झाली. डीएनएवर ते वाटेल तसे विखुरलेले नव्हते. हाडांच्या वाढीच्या आजारांशी ज्या जनुकांचा संबंध आधीच माहीत होता, त्यांच्याभोवती त्यांची दाटी होती. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतला सुमारे ४० टक्के फरक त्यांनी उलगडला. संपूर्ण जनुकसंच अक्षर न् अक्षर वाचून विरळ भेदही हिशेबात धरले, तेव्हा हा वाटा ६८ टक्क्यांच्या आसपास गेला. हरवलेलं बहुतेक सगळं सापडलं. मात्र ‘उंचीचं जनुक’ असं काही सापडलं नाही, कारण ते नव्हतंच.

आता त्या ८० टक्क्यांकडे नीट पाहायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होतो. एखाद्याच्या १७० सेंटिमीटरपैकी १३६ जनुकांनी दिले आणि ३४ आहाराने, असा त्याचा अर्थ नाही. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाबद्दलचा तो आकडा आहे. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली याचा एक दाखला दिला होता. एकाच पोत्यातलं मिश्र बियाणं दोन मुठींनी घ्या. एक मूठ काळ्याभोर, खतपाणी दिलेल्या रानात पेरा, दुसरी मुरमाड पड जमिनीत. प्रत्येक रानाच्या आत जमीन सगळीकडे सारखी आहे, तेव्हा तिथल्या रोपांच्या उंचीतला फरक पूर्णपणे बियाण्याचा. पण दोन रानांमधला फरक मात्र पूर्णपणे जमिनीचा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

माणसांच्या जगात ही दोन रानं पुष्कळ ठिकाणी दिसतात. नेदरलँड्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सैन्यभरतीला येणारा तरुण सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास असे. आज तिथले पुरुष सुमारे १८३ सेंटिमीटरचे आहेत आणि जगात सर्वांत उंच गणले जातात. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली, तर त्याच वंशाचे उत्तर कोरियातून आलेले निर्वासित दक्षिणेतल्यांपेक्षा काही सेंटिमीटरने कमी भरतात. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांची अमेरिकेत वाढलेली मुलं मायदेशी राहिलेल्या त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच निघाली, तीही एकाच पिढीत. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. बदललं ते दूध, पाणी, लसीकरण, आईचं पोषण.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून हाच धागा जन्माच्याही मागे नेऊन तपासला गेला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना गर्भारपणाआधीपासून नोंदवलं, मग त्यांच्या बाळांना मोजलं आणि ही मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण फरक अंगभर सारखा नव्हता. पुण्याच्या बाळांचे स्नायू बारीक होते, पोटाचा घेर लहान होता, त्वचेखालची चरबी मात्र तुलनेने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी अधिक. भारतीयांना मधुमेह लवकर आणि कमी वजनातही का गाठतो, याचा एक दुवा इथे मिळाला.

२००४ साली याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचंच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

या फरकात जनुकांचा वाटा आहेच, पण सगळा नाही. ज्या आयांच्या जेवणात दूध, पालेभाज्या आणि फळं वारंवार होती, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. बहुतेक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं आणि त्याचा परिणाम मुलं सहा वर्षांची झाल्यावरही दिसत होता. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. ‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ असं म्हणताना घराण्याबरोबर त्या घरातल्या सुनांच्या ताटात काय पडत होतं, तेही मोजावं लागेल.

उंचीच्या मानाने शिक्षण, उत्पन्न असे गुण कितीतरी गुंतागुंतीचे. २०१८ साली ११ लाख लोकांच्या अभ्यासातून शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेले १,२७१ जनुकीय भेद पुढे आले आणि ‘हुशारीची जनुकं सापडली’ असा गवगवा झाला. त्याच वर्षी आइसलँडमधल्या संशोधकांनी एक चतुर प्रश्न विचारला. आई-वडिलांकडचे जे भेद मुलात उतरलेच नाहीत, त्यांचा मुलाच्या शिक्षणाशी काही संबंध आहे का? संबंध निघाला. म्हणजे ते भेद मुलाच्या शरीरातून काम करत नव्हते, आई-वडिलांनी घडवलेल्या घरातून करत होते. भावंडा-भावंडांची तुलना केली की उंचीच्या भेदांचा परिणाम जवळपास तसाच राहतो, शिक्षणाच्या भेदांचा बराच घटतो. वरवर जनुकांचा दिसणारा पुष्कळसा भाग घरच्या परिस्थितीचा असतो.

जनुकं पाहून भाकीत करू म्हणणाऱ्यांनी २०१९ सालचा आणखी एक अभ्यास वाचायला हवा. गर्भाशयाबाहेर वाढवलेल्या भ्रूणांपैकी ‘सर्वांत उंच’ निवडला तर किती फायदा होईल? दहा भ्रूणांतून निवड केली तरी सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मग संशोधकांनी भरपूर भावंडं असलेली, मुलं मोठी झालेली २८ कुटुंबं पाहिली. जनुकांच्या हिशेबाने जे भावंड सर्वांत उंच असायला हवं होतं, ते प्रत्यक्षात सर्वांत उंच निघालं फक्त ७ कुटुंबांत.

भारतीयांसाठी यात आणखी एक अडचण आहे. हे हिशेब मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत आणि इतरांना लावले की त्यांची अचूकता बरीच खाली येते. पेरूमधल्या लोकांत एका जनुकाचा असा भेद २०२० साली सापडला, जो प्रत्येक प्रतीमागे उंची २.२ सेंटिमीटरने कमी करतो. युरोपातल्या लाखो लोकांत तो शोधूनही हाती लागला नसता. आपल्याकडच्या शेकडो समाजांत, पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं होत आल्यामुळे, असे किती भेद दडले असतील ते इथल्या माणसांचे जनुकसंच वाचल्यावरच कळेल. त्यासाठीच २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाने ८३ समाजांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली.

ही माहिती हाताळताना एका मोजमापाची आठवण ठेवणं फार गरजेचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. अटी अशा, मुलांना अंगावरचं दूध मिळालेलं हवं, आया धूम्रपान न करणाऱ्या हव्यात आणि घरच्या परिस्थितीमुळे वाढ अडलेली नको. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थित घरांतली होती. पाच वर्षांपर्यंत सहाही ठिकाणची मुलं जवळपास सारखीच वाढली. मुलांच्या उंचीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतला फरक जेमतेम ३ टक्के होता. दिल्लीचं बाळ आणि ऑस्लोचं बाळ, पोटभर अन्न आणि निरोगी घर मिळालं की, एकाच रेषेवर चढत होतं.

अंगणवाडीतल्या भिंतीवरचा वाढीचा तक्ता याच मोजमापांवरून तयार झाला आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला सेविका लाकडी फळीवर आडवं झोपवते. डोकं वरच्या पट्टीला टेकवलेलं, गुडघे हलकेच दाबून सरळ केलेले, मग खालची सरकती पट्टी टाचांना लावून आकडा वाचायचा. दोन वर्षांनंतर उभं करून. निरोगी वाढलेल्या मुलांत तक्त्यावरच्या ‘खुजी’ या रेषेखाली शंभरात दोन-तीन मुलं येतात. आई-वडील ठेंगणे असलेलं एखादं धडधाकट मूल त्यात असणारच. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातली सुमारे ३५ मुलं या रेषेखाली होती, देशातही जवळपास तेवढीच.

दोन-तीन आणि पस्तीस यांच्यामधली जी तीसेक मुलं आहेत, त्यांच्याबद्दल ‘आमच्याकडची माणसं मुळात ठेंगणीच’ असं कुणी म्हणालं, तर त्याला जनुकशास्त्राचा आधार नाही. त्यांच्याबाबत विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. आईचं हिमोग्लोबिन किती होतं, तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, दोन बाळंतपणांत अंतर किती होतं, बाळाला जुलाब किती वेळा झाले, सहाव्या महिन्यानंतर त्याला भाताच्या पेजेखेरीज डाळ, अंडं, दूध, भाजी काय मिळालं. गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत अडलेली वाढ पुढे पूर्ण भरून निघणं कठीण असतं, आणि खुज्या राहिलेल्या मुलीची बाळंही लहान जन्मण्याची शक्यता वाढते. म्हणूनच हा आकडा एका वर्षात उतरणार नाही. डच लोकांनाही दीडशे वर्षं लागली, कोरियाला शंभर. आज फळीवर मोजल्या जाणाऱ्या मुलींच्या आहारावर आणि आरोग्यावर पुढची वीस वर्षं किती खर्च होतो, त्यावर महाराष्ट्राला किती वर्षं लागतील ते ठरेल.